शब्दांविना नांदी

काशीस उत्तरवाहिनी गंगेच्या प्रवाहाबरोबर घाट पाहात निघाले म्हणजे मणिकर्णिकेला लागूनच शिंदे घाट येतो. दौलतराव शिंद्यांच्या मृत्यूनंतर ग्वाल्हेरचा कारभार ज्यांनी हाती घेतला, त्या बायजाबाईसाहेबांनी इ. स. १८३० च्या सुमारास तो बांधविला. त्यापूर्वी दोन वर्षे, म्हणजे १८२८ मध्ये, ज्ञानवापीच्या विहिरीभोवतालचा खांबांचा मंडपही त्यांनीच उभा केला होता. घाटाचे काम इतके भारी झाले की नदीकाठच्या जमिनीला ते पेलवले नाही आणि बांधकाम खचले. पायथ्याचे रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आजही एका अंगाला कललेले उभे आहे; वर्षातील कित्येक महिने त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. येथून पुढे संकटा घाट, भोसले घाट, राम घाट अशी नावे घेत आपण पंचगंगेपर्यंत जातो, तेव्हा नकळत मराठी इतिहासाचीच उजळणी करीत असतो. काशीत मराठ्यांनी काय ठेवले, असे कोणी विचारले तर सामान्यतः आपले बोट या दगडांकडे जाते.

आम्हांस येथे दगडांविषयी लिहावयाचे नाही. याच किनाऱ्यावर माणसे आणखी एक वस्तू ठेवून गेली आणि येथून ती घेऊनही गेली. ती वस्तू म्हणजे चाल. गाण्याचे शब्द बाजूस ठेवून नुसती चाल वाद्यावर वाजविण्याची रीत काशीत फार जुनी आहे, आणि तिचे एक नवे भावंड आज अगदी अनपेक्षित ठिकाणी आढळते. ज्या जपानी चित्रमालिकांना आता सर्वत्र ॲनिमे म्हणतात, त्यांचा प्रारंभ एका शीर्षकगीताने होतो. आणि पुढे त्याच गीताची चाल, शब्द गाळून, कथेच्या पार्श्वसंगीतात पुनःपुन्हा योजिली जाते. घाटांच्या चलचित्रांना हल्ली हातातील दूरध्वनीवरच हवे ते पार्श्वसंगीत जोडता येते. शिंदे घाटावरील त्या कललेल्या देवळाच्या दृश्यामागे उद्या एखाद्या जपानी शीर्षकगीताचे बासरीवरील रूप ऐकू आले, तर कोणी नवल मानू नये.

अशा संगीताला पोरखेळ म्हणून हसणे सोपे आहे. परंतु त्यात एक जुना आणि गंभीर प्रश्न दडलेला आहे. गीतातील शब्द गळाले म्हणून गीत संपत नाही. फक्त शब्द म्हणण्याचे काम गायकाकडून श्रोत्याकडे येते. श्रोत्याला ते शब्द ठाऊक असतील तर चाल त्याच्याशी बोलते. ठाऊक नसतील तर ती नुसती गोड वाटते. आपल्या प्रांतापासून दूर, बदलीच्या गावी संसार थाटणाऱ्या आपणां मंडळींना या फरकाचा विचार करण्यास विशेष कारण आहे. त्या कारणापर्यंत आम्ही क्रमाने येऊ.

प्रथम जपानी रीत कशी आहे ते पाहू. ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. इंग्रजी जगात ती ‘ॲस्ट्रो बॉय’ या नावाने ओळखली गेली. आतोमु हा माणसासारखे मन असलेला यंत्रबालक. त्याच्या कथेच्या आरंभी वाजणारे संगीत तात्सुओ ताकाई यांनी रचिले. मौजेची गोष्ट अशी की, सुरुवातीच्या भागांत हे आरंभसंगीत निव्वळ वाद्यांचे होते; त्याला शब्द नव्हते. ते मागाहून आले, आणि लिहिले ते शुनतारो तानिकावा (१९३१–२०२४) यांनी, जे आधुनिक जपानी कवितेतील अग्रगण्य नाव होय. एका थोर कवीने मुलांच्या खेळातील चालीवर शब्द बसवावेत, यात त्याला कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट आम्ही येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

कालांतराने या आरंभगीताचा साचा ठरून गेला. ते साधारण ९० सेकंदांचे असते. मालिकेतील पार्श्वसंगीत बहुधा प्रत्येक भागासाठी नव्याने रचीत नाहीत. लहानमोठे अनेक तुकडे एकदाच ध्वनिमुद्रित करून ठेवतात, आणि मग प्रसंग पाहून जाणकार मनुष्य त्यांतील योग्य तो तुकडा निवडतो. कोठीतून सामान काढावे तसा. या साठ्यात शीर्षकगीताच्या चालीची काही रूपेही ठेवलेली असतात. नायक पडून पुन्हा उठतो तेव्हा तीच चाल पितळी वाद्यांवर द्रुत लयीत येते. त्याचा सोबती दुरावतो तेव्हा तीच चाल एकट्या पियानोवर किंवा बासरीवर संथपणे उतरते. गायक कोठेही नसतो. परंतु आठवड्यामागून आठवडा ते गीत ऐकलेले मूल पडद्यासमोर बसल्या बसल्या शब्द पुटपुटू लागते, आणि त्या शब्दांचा अर्थ त्या प्रसंगाला आपोआप चिकटतो. पडद्यावर कोणीही न उच्चारलेले वाक्य अशा रीतीने घरोघर उच्चारले जाते.

जपानी लोकांनी याच कल्पनेला एक नाव देऊन जगभर पाठविले. ‘काराओके’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘रिकामा वाद्यवृंद’ असा आहे. वाद्ये सर्व आहेत, फक्त गाणाऱ्याची जागा मोकळी ठेवली आहे; ती ज्याने त्याने भरावयाची. आणि ही रीत करमणुकीपुरती राहिली असेही नाही. कथेप्रमाणे आतोमुचा जन्म ७ एप्रिल २००३ रोजी तोक्यो शहराच्या ताकादानोबाबा या भागात होतो. तेव्हा त्याच वर्षापासून तेथील रेल्वेस्थानकावर गाडी सुटण्याची सूचना म्हणून त्या शीर्षकगीताची चाल वाजविली जाऊ लागली. सकाळच्या गर्दीत कचेरीकडे धावणाऱ्या नोकरदाराच्या कानी काही क्षण बालपणीची चाल पडावी आणि मनातल्या मनात शब्द उमटावेत, एवढ्यात दार बंद होऊन गाडी सुटावी, असा हा प्रकार आहे. पार्श्वसंगीत या शब्दाचा याहून नेमका अर्थ कोणता सांगावा? ते कोणी ऐकावयास बसत नाही, आणि तरीही ते ऐकले जाते.

आता शिंदे घाटाकडे परत येऊ. कारण हाच व्यवहार काशीत कित्येक पिढ्या चालत आला आहे, फक्त त्याचे नाव नौबत असे आहे. देवळाच्या दारावरील उंच जागी बसून ठराविक प्रहरी सनई आणि नगारा वाजविणे ही देवाची सेवा. काशीविश्वनाथाचे देऊळ अहल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये पुन्हा उभारले. त्यापुढील नौबतखाना १७८५ मध्ये गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्या सांगण्यावरून इब्राहिम खाँ या अधिकाऱ्याने बांधविला. मराठी राणीचे देऊळ, इंग्रज सत्ताधीशाचा हुकूम आणि मुसलमान अधिकाऱ्याची देखरेख, अशा तिघांच्या मेळातून त्या दारावरील सुरांना जागा मिळाली. कारभारात आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांना या नोंदीतील स्वारस्य वेगळे सांगावयास नको. सत्ता कोणाचीही असो, पहाटेचे सूर वेळेवर निघाले पाहिजेत, एवढे भान त्या कारभाराला होते.

शिंदे घाटावरून पंचगंगेच्या दिशेने गेल्यावर पेशव्यांशी नाते सांगणारा बालाजी घाट लागतो. तेथील बालाजीच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी लहानपणापासून रियाज केला. जन्म डुमरावचा, परंतु विश्वनाथाच्या सेवेतील सनईवादक असलेले मामा अली बख्श यांच्याजवळ ते काशीस वाढले. सनईच्या तोंडाशी जी पत्ती लागते, ती नरकट नावाच्या गवतापासून करतात आणि ते गवत डुमरावच्या परिसरात सोन नदीच्या काठी होते, हा योगायोगही त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. १५ ऑगस्ट १९४७ च्या सोहळ्यात दिल्लीच्या लाल किल्ल्यावर त्यांची सनई वाजली. २००१ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ मिळाले आणि २१ ऑगस्ट २००६ रोजी काशीतच त्यांनी देह ठेवला.

या सनईत वाजत काय असे? निव्वळ रागालाप तर असेच. परंतु त्याबरोबर ठुमरी, कजरी, चैती हीही असत. ही सारी शब्दांची गाणी. चैत्रात चैती आणि पावसाळ्यात कजरी गाणाऱ्या बायका त्याच गल्ल्यांतील घरांत होत्या. म्हणून देवळाच्या ड्योढीवर चैतीची चाल सुरू झाली की खालच्या गल्लीतून पाण्याचा घडा घेऊन जाणारी बाई मनात तिचे शब्द म्हणत असे. वाजविणाऱ्याने शब्द उच्चारले नाहीत, उच्चारता येतही नव्हते, कारण सनई तोंडातच धरावयाची. या वाद्याने आपल्या वादकाचे तोंड बंद केले आणि ऐकणाऱ्याचे उघडले, असेच म्हटले पाहिजे. नौबत ही दिवसाची नांदी. देवाला जागविण्याचे निमित्त. जागे होते ते गाव.

महाराष्ट्रातील वाचकाला यात परके काही वाटणार नाही. तुळजापूर, जेजुरी, पंढरपूर येथील चौघडा हीच सेवा करतो, आणि लग्नमंडपाच्या दाराशी सनई-चौघडा नसेल तर कार्य अळणी वाटते. तथापि आमच्याकडे चालीच्या या प्रवासाला आणखी एक मोठे दालन मिळाले. ते संगीत रंगभूमीचे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. पडद्यापुढे सूत्रधार आणि त्याचे साथीदार नांदी म्हणत, आणि मग नाटक उघडे. मराठी नाटकाची नांदी म्हणजे एका अर्थी आजच्या शीर्षकगीताची पणजीच. पुढे नाटकांची पुस्तके छापली जाऊ लागली तेव्हा प्रत्येक पदाच्या शिरावर एक लहानशी ओळ येऊ लागली: ‘चाल’, आणि तिच्यापुढे एखाद्या जुन्या गाण्याचे आरंभीचे शब्द. ज्याला ते जुने गाणे येत असेल त्याने त्या चालीवर नवे पद म्हणावे, असा अर्थ. स्वरलेखन न जाणणाऱ्या सामान्य रसिकासाठी याहून सुटसुटीत सोय नव्हती. तिच्यामागील विचार मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. चाल ही निनावी वस्तू मानली गेली नाही. तिची ओळख तिने पूर्वी वाहिलेल्या शब्दांवरून ठेवली गेली. नवे शब्द आले तरी जुन्या शब्दांची आठवण शिरोभागी राहिली.

या देवघेवीत काशीचा वाटा आहे. १९११ मध्ये ‘मानापमान’ रंगभूमीवर आले, तेव्हा गोविंदराव टेंबे यांनी त्यातील पदांना चाली देताना पूरब अंगाच्या हलक्याफुलक्या गानप्रकारांचा मोकळ्या मनाने उपयोग केला. गंगेकाठच्या ठुमरी-दादऱ्यांचे शब्द मागे राहिले आणि त्यांची वळणे मराठी पदांत उतरली. त्या पदांची पुढे पुन्हा तीच गत झाली. टेंबे स्वतः संवादिनीचे नामांकित वादक. नाट्यपदे संवादिनीवर, सनईवर, लग्नाच्या बँडवर वाजू लागली, आणि मराठी माणूस मांडवात पाहुण्यांची विचारपूस करता करता मनात पदाचे शब्द म्हणू लागला. काशीची चाल शब्द टाकून महाराष्ट्रात आली, येथे तिने नवे शब्द घेतले, आणि तेही टाकून ती पुन्हा वाद्यावर चढली.

बोलपट आल्यावर हे काम चित्रपटाच्या संगीतकाराकडे गेले. कुडाळजवळच्या सोनवडे गावचे वसंत देसाई यांनी प्रभात चित्रसंस्थेत उमेदवारी केली आणि पुढे ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’ अशा चित्रपटांना संगीत दिले. १९५९ मध्ये विजय भट्ट यांच्या ‘गूँज उठी शहनाई’ या चित्रपटासाठी कोकणच्या या संगीतकाराने काशीच्या बिस्मिल्ला खाँची सनई घेतली. नायक सनईवादक, पडद्यावर राजेंद्रकुमार आणि ऐकू येणारे सूर खाँसाहेबांचे. गीतांचे शब्द भरत व्यासांचे होते. सनई येथे देवळाच्या दारावरून उतरून सगळ्या हिंदुस्थानातील चित्रगृहांत पोहोचली. एकूण हिंदी चित्रपटांत सुखाच्या काळातील गीताची चाल दुःखाच्या प्रसंगी सारंगीवर किंवा व्हायोलिनवर परत आणण्याची रीत तेव्हा रुळलेलीच होती. पात्रे गप्प असतात, वाद्य वाजते, आणि पहिल्या अर्ध्या तासात ऐकलेले शब्द प्रेक्षकाच्या मनात उमटून त्याचे डोळे पाणावतात. जपानी मालिकेतील तुकडे निवडणाऱ्या माणसाने जे केले, ते आमच्या चित्रपटांनी कधीच करून पाहिले होते.

येथे कोणी म्हणेल की, देवाच्या दारावरील नौबत आणि मुलांच्या मालिकेतील पार्श्वसंगीत यांना एका पंक्तीत बसविणे हा अतिप्रसंग झाला. एक उपासना आहे आणि दुसरा व्यापार. हा भेद आम्ही नाकारीत नाही. वादकाच्या मनातील हेतू निराळा, ऐकणाऱ्याची वृत्ती निराळी. परंतु आम्ही ज्या गोष्टीचा विचार करीत आहोत, ती दोन्हीकडे एकच आहे. नौबतवाल्याने चैतीचे शब्द कोणाला शिकविले नाहीत. ते घरातील बायकांनी शिकविले. मालिकेतील बासरीही शब्द शिकवीत नाही. ते आरंभगीताच्या आठवड्यामागून आठवड्याच्या आवर्तनाने शिकविले. वाद्य केवळ विचारते, आणि उत्तर श्रोत्याजवळ आधीच असावे लागते. ज्या सुरांना कधी शब्द नव्हतेच, त्यांची गोष्ट वेगळी. १९३६ मध्ये वॉल्टर कॉफमन यांनी रचिलेली आकाशवाणीची ओळखधून आपल्यापैकी कित्येकांच्या पहाटेशी जोडलेली आहे. परंतु ती ऐकून कोणाच्या ओठी शब्द येत नाहीत, कारण तिने कधी ते दिलेच नव्हते. तिची आठवण होते, तिचे उत्तर द्यावे लागत नाही. शब्द गाळलेली चाल मात्र उत्तराची वाट पाहात असते.

याचा सर्वांत ठळक दाखला दिल्लीस नोकरी केलेल्या आमच्या वाचकांनी स्वतः ऐकला असेल. प्रजासत्ताकदिनाच्या सोहळ्याची सांगता २९ जानेवारीस विजय चौकात सैन्याच्या बँडपथकांनी होते. पथके परततात ती ‘सारे जहाँ से अच्छा’च्या चालीवर. इक्बालांच्या या १९०४ मधील रचनेची आज सर्वत्र रूढ असलेली चाल १९४५ च्या सुमारास पंडित रविशंकर यांनी बांधली. आणि रविशंकर हे काशीचे, १९२० मध्ये तेथेच जन्मलेले. २०२२ च्या सोहळ्यात ‘अबाइड विथ मी’ या इंग्रजी प्रार्थनेच्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची धून आली. कवी प्रदीप यांच्या त्या गीताची चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची. आणि ते प्रथम गायिले लता मंगेशकर यांनी दिल्लीस, २७ जानेवारी १९६३ रोजी. इकडे हे गीत जन्मले त्याच महिन्यात तिकडे तोक्योत आतोमुचे शब्दरहित आरंभसंगीत प्रथम वाजले होते. विजय चौकात पितळी वाद्यांवर ही चाल सुरू होते तेव्हा एकही शब्द उच्चारला जात नाही. तरीही समोर बसलेल्या हजारो माणसांना हे गीत कोणाविषयी आहे, हे कळते. कारण शब्द त्यांच्याजवळ आहेत. उद्या एखाद्या पिढीजवळ ते राहिले नाहीत, तर तेच पथक, तीच वाद्ये आणि तीच चाल असूनही एक सुरेख संथ धून वाजली, एवढेच ती म्हणेल. त्या दिवशी चालीत काहीच बिघडलेले नसेल. उणे झालेले असेल ते ऐकणाऱ्यात.

आता ज्या कारणासाठी हा सारा विस्तार केला, त्याकडे येतो. काशीतील मराठी घराण्यांचा इतिहास पाहिला तर तेथे शब्द बदलल्याचे दाखले पुष्कळ सापडतात. बाबूराव विष्णु पराडकर (१८८३–१९५५) यांचा जन्म काशीच्या मराठी कुटुंबातला. ‘आज’ या दैनिकाद्वारे त्यांनी हिंदी वृत्तपत्रसृष्टीला भाषा आणि शिस्त दिली. त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर यांनी ‘देशेर कथा’ हे गाजलेले पुस्तक लिहिले, ते बंगालीत. मामा बंगालीत लिहितो, भाचा हिंदीत लिहितो, आणि दोघेही मराठी घरातले. यात दुःख मानण्याचे कारण नाही. ज्या गावचे पाणी प्यालो त्या गावच्या भाषेला काही देऊन जावे, हे ऋण फेडणेच आहे. परंतु अशा घरांतून चौथ्या-पाचव्या पिढीत पुष्कळदा असे होते की आरतीची चाल अचूक येते, पाळण्याची चाल अचूक येते, आणि शब्द मात्र निम्म्यावर अडखळतात. मग मंडळी टाळ्या वाजवून वेळ निभावतात. चाल हलकी असल्यामुळे ती माणसाबरोबर कोठेही जाते. शब्द घरात रोज बोलावे लागतात. ते बोलणे थांबले की शब्द राहात नाहीत.

हे काशीपुरते आहे असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. १९९३ मध्ये दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ ही जपानी मालिका हिंदीत दाखविली गेली. किपलिंगचे इंग्रजी पुस्तक. कथेतील अरण्य आपल्या नागपूरच्या शेजारच्या सिवनीचे. चित्रे निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेची. शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा. भारतातील प्रक्षेपणासाठी जपानी शीर्षकगीताऐवजी गुलझार यांचे नवे हिंदी गीत आले आणि त्याला चाल विशाल भारद्वाज यांनी दिली. जी मुले तेव्हा रविवारी सकाळी दूरचित्रवाणीसमोर बसत, ती आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांच्यापुढे त्या गीताची चाल नुसत्या पेटीवर धरा. वाघ, पोर आणि जंगल त्यांच्या मुद्रेवर दिसू लागतील आणि शब्द आपोआप ओठी येतील. लखनौस, कलकत्त्यास, दिल्लीस वाढलेल्या आपल्या मुलांनाही ते येतील, आणि येवोत. ते गीत गोड आहे. त्यांच्यापुढे एखाद्या मराठी पाळण्याची किंवा नाट्यपदाची चाल धरली तर त्यांच्या मनात काय उमटते, हा प्रश्न आम्ही प्रत्येक घरापुढे ठेवतो. उत्तर ज्याचे त्याला कळेल.

आमच्या मते यात निराशेला जागा नाही, आणि ती नाही हे दाखविण्यासाठीच आम्ही आतोमुची हकिगत आधी सांगितली. तेथे चाल आधी होती आणि शब्द मागाहून आले; ते लिहावयास कवी पुढे झाला, आणि मग ते शब्द त्या चालीपासून वेगळे करता येईनात. म्हणजे रिकामी झालेली चाल ही नेहमी शेवटच असते असे नाही. ती आरंभही असू शकते. ज्या मुलाजवळ चाल आहे, त्याच्याजवळ अर्धे गीत आहे. उरलेले अर्धे देणे वडीलधाऱ्यांच्या हाती आहे, आणि ते फार कष्टाचे नाही.

परप्रांतांतील आमची मराठी मंडळे गणेशोत्सवात आणि कोजागरीस वाद्यवादनाचे कार्यक्रम हौसेने करतात. कोणी बासरीवर, कोणी संवादिनीवर, कोणी विजेच्या पेटीवर जुन्या गीतांच्या चाली वाजवितो. मुले गिटारीवर वाजवितात, आणि त्यात एखादी जपानी मालिकेची चालही येते. ती येऊ द्यावी. आमची सूचना एवढीच की, आपल्या नाटकांच्या पुस्तकांनी घालून दिलेली शिस्त तेथे पाळावी. प्रत्येक चालीच्या शिरावर तिचे मूळ शब्द असावेत. वादन सुरू होण्यापूर्वी एकाने उभे राहून गीताचे पहिले कडवे स्वच्छ वाचावे, अर्थ सांगावा, कवीचे आणि चाल बांधणाऱ्याचे नाव घ्यावे, आणि मग वाद्याला वाट द्यावी. जपानी गीत असेल तर मुलांनी त्याचाही अर्थ मोठ्यांना सांगावा. पाच मिनिटांचे हे काम. तेवढ्याने वाद्याने विचारलेल्या प्रश्नाला सभागृहात दहा-वीस तरी उत्तरे तयार राहतील, आणि पुढील वर्षी ती चाल पुन्हा वाजेल तेव्हा मागच्या रांगेतील एखादे मूल, कोणी सांगितले नसताना, तिचे शब्द म्हणू लागेल.